घासाईची मजुरी वेगळी द्या

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आखाजी (अक्षय्य तृतीया) जवळ आली की खान्देशात झोके बांधले जातात आणि घरातल्या जुन्या सागवानी बंगईला, म्हणजे झोपाळ्याला, मेणाचे पॉलिश करून घेण्याची आठवणही तेव्हाच होते. आमच्या आजोबांच्या काळातील बंगईची फळी यंदा एका कारागिराकडे दिली होती. ती परत आली तेव्हा लांबून झळाळत होती. परंतु ओसरीवरच्या तिरप्या उन्हात पाहिल्यावर लाकडाच्या रेषांना आडवे गेलेले असंख्य ओरखडे दिसले, आणि त्यांत साचलेले मेण पांढुरके होऊन उठून दिसत होते.

मेणाचा थर इतका पातळ असतो की त्याखाली कोणताही दोष झाकला जात नाही, म्हणून खरे काम घासाईचेच आहे. पॉलिश पेपरचा नंबर जितका मोठा तितका तो बारीक; ८० नंबरच्या पेपरने सुरुवात केली तर पुढे १२०, १८० आणि २२० हे सगळे पेपर रेषेच्या दिशेनेच फिरवावे लागतात, कारण आधीच्या पेपरचे ओरखडे काढणे हेच पुढच्याचे काम असते. मधला एखादा गाळला, तर बारीक पेपरने दिवसभर घासूनही खोल ओरखडा जात नाही. शेवटी ओलसर फडक्याने पुसून दबलेले तंतू उभे करावेत आणि लाकूड पूर्ण वाळल्यावर ३२० नंबरचा पेपर अगदी हलक्या हाताने फिरवावा. सागाच्या भुशाने नाकाला व त्वचेला त्रास होतो, तेव्हा तोंडाला रुमाल हवाच.

मधमाश्यांचे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळते, पण मऊ त्याच्या बरेच आधी पडते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे जाड थर चिकट होऊन धूळ धरतो. मेण थोडेच लावून सुती फडक्याने जोर देऊन पुसणे, किंवा त्यात ८२ अंशांच्या पुढे वितळणारे कार्नोबा मेण थोडे मिसळणे, हे इथल्या हवेला मानवते.

यात सगळा दोष सुतारांचा आहे, असे मला वाटत नाही. आपण गिऱ्हाईक चकाकी पाहून पैसे देतो, घासाईचे तास मोजत नाही. मग मधले पेपर गाळले जाणारच. म्हणून काम देतानाच घासाईची मजुरी वेगळी ठरवावी, आणि मेण लावण्यापूर्वी फळी उन्हात तिरपी धरून स्वतः पाहावी, अशी वाचकांना कळकळीची विनंती आहे. आमची फळी त्याच कारागिराकडे पुन्हा दिली आहे, आणि या वेळी दोन दिवसांची घासाई आधी बोलून ठेवली आहे.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)