उन्हाळी डोंगरभटकंती : स्ट्रेचर हवे, पाणी हवे आणि मागे चालणारी माणसेही हवीत

सप्रेम नमस्कार.

उन्हाळी भटकंतीला जेमतेम तीन आठवडे उरले आहेत. येणाऱ्यांची चाळीस नावे आली, पण सगळ्यांच्या मागे चालायला तयार असलेल्यांची फक्त दोन. म्हणून हे आवाहन.

मागण्याआधी ज्यांनी आजवर दिले त्यांची आठवण काढायलाच हवी. आपल्या पहिल्या अध्यक्षांनी स्वतःचा दोर आणि होकायंत्र मंडळाला दिले ते कायमचे. डॉक्टरताई दर वर्षी प्रथमोपचाराची पेटी पदरमोड करून भरतात आणि प्रत्येक औषधावर मुदतीची तारीख लाल शाईने ठसठशीत लिहितात, चष्मा विसरलेल्यालाही दिसावी म्हणून. आणि ती झोळी! एका सभासदाच्या आईंनी जाड ताडपत्रीला दुहेरी शिवण घालून, दोन्ही कडांना काठ्या ओवायला नेफे ठेवून शिवलेली. पाय मुरगळलेले तिघेजण तिच्यातून सुखरूप खाली आले. त्या माउलीचे ऋण मंडळ विसरणार नाही.

गेल्या उन्हाळ्यात झोळीची पुन्हा गरज पडली. खिंडीच्या अलीकडे, उघड्या धारेवर, एक दादा मागे एकटेच राहिले. चक्कर आली, मळमळू लागले, ते खाली बसले. पुढे गेलेल्यांना हे कळायला वीस मिनिटे गेली. सावलीत नेऊन, पाय उंच ठेवून, ओल्या कपड्याने अंग पुसत घोट घोट क्षारसंजीवनी पाजली तेव्हा कुठे ते सावरले. नशीब, भान शाबूत होते. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेले आणि माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात. मग तोंडाने काही पाजायचे नाही, अंग गार करत थेट दवाखाना गाठायचा. दादांना खाली आणताना झोळीची शिवण वीतभर उसवली. अजून ती तशीच खुंटीला टांगलेली आहे.

त्यानंतरच्या सभेत मी मागच्या माणसांचा विषय काढला. सगळ्यांनी माना डोलावल्या. पत्र घरोघरी गेले, उत्तरे तीन आली. फोटो कधी मिळणार, ही विचारणा मात्र आठवडाभर चालू होती. लिहिताना वाईट वाटते, पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

यंदाची वाट १४ किलोमीटरची, चढ एकूण ७२० मीटर. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशेब आजही डोंगरात वापरतात : सपाटीवर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाला चार तास. आपल्यात सत्तरीचे आहेत, पहिल्यांदाच येणारे आहेत, म्हणून आपण साडेसहा धरले. उन्हात तासाला अर्धा लिटर पाणी धरले तरी माणशी सव्वातीन लिटर होते. दोन लिटर प्रत्येकाने पाठीवर आणावे, उरलेले खिंडीत मिळायला हवे. चाळीस जणांचे पन्नास लिटर, म्हणून २० लिटरचे तीन कॅन.

मागे चालणारे सहाजण हवेत, दोघादोघांच्या जोडीने. काम एकच : आपल्या मागे कोणी राहू द्यायचे नाही. वेग लागत नाही, धीर लागतो. प्रत्येक जोडीकडे शिट्टी राहील. मदत हवी असेल तर मिनिटात सहा वेळा वाजवायची, मिनिटभर थांबायचे, पुन्हा वाजवायची. ऐकणाऱ्याने तीनदा वाजवून उत्तर द्यायचे.

घडीचे स्ट्रेचर, तीन कॅन, क्षारसंजीवनीची पाकिटे, सहा शिट्ट्या, खिंडीपर्यंत पाणी नेणारी गाडी : वस्तू, रोख, काहीही चालेल. पावती मिळेल. कार्यालय रोज संध्याकाळी ६ ते ८. मागे चालणाऱ्यांनी नावे या शनिवारपर्यंत द्यावीत, रविवारी सराव आहे. निघणे पहाटे ५:३० ला, उशीर करणाऱ्यांसाठी थांबणार नाही. टोपी सक्तीची.

झोळी दुरुस्त करून देणारे कोणी असेल तर आजच घेऊन जावे. नेफे तेवढे आहेत तसेच ठेवावेत.

आपला नम्र,
चिटणीस