अमेरिकेत बंदूक पोस्टाने पाठवण्याआधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेतल्या अनेक मराठी घरांत आता बंदुका आहेत. कुणी नेमबाजीच्या हौसेपायी घेतली, कुणी घराच्या राखणीसाठी. गणपतीच्या आरतीला भेटल्यावर या विषयावर कुणी बोलत नाही, त्यामुळे नियम माहीत नसतात आणि विचारायचं कुणाला हेही कळत नाही. मी ओहायो राज्यात एका परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे पार्सलांचं काम पाहतो. उन्हाळ्यात घरं बदलण्याची धांदल सुरू झाली की ओळखीपाळखीचे फोन येतात. "दादा, टेक्सासला चाललोय. पिस्तूल भांड्यांच्या खोक्यात घालून पोस्टात टाकलं तर चालेल ना? कुणाला कळणार आहे?"

असं करू नका, हे सांगायलाच हे पत्र. अंगावर लपवता येण्याजोगं शस्त्र, म्हणजे पिस्तुलासारखं, टपालाने पाठवण्यावर अमेरिकेत 1927 सालीच कायद्याने बंदी आली आणि परवानाधारक विक्रेते व उत्पादक यांच्यापुरती त्यातून वाट ठेवली गेली. या कायद्याला आता कोर्टात आव्हान दिलं गेलं आहे हे खरं, पण कोर्टातला वाद हाती धरून पोस्टाच्या खिडकीवर उभं राहणं शहाणपणाचं नाही. खोक्यावर 'भांडी' लिहून आत पिस्तूल घालणं तर थेट गुन्ह्याच्या वाटेला नेणारं आहे. ग्रीन कार्डवर असलेल्या माणसाने तर असल्या फंदात अजिबात पडू नये. बंदुकीच्या गुन्ह्यापायी देश सोडायची पाळी येऊ शकते.

रायफल आणि शॉटगनची गोष्ट थोडी वेगळी. परवाना नसलेला सामान्य माणूसही ती पोस्टाने कुठल्याही राज्यातल्या परवानाधारक विक्रेत्याकडे पाठवू शकतो. दुरुस्तीसाठी परवानाधारक कारागिराकडे किंवा कारखान्याकडे पाठवली तर ती परत थेट मालकाच्या घरी येऊ शकते. मात्र दुसऱ्या राज्यातल्या मित्राला विकलेली किंवा भेट दिलेली बंदूक त्याच्या दारात टाकता येत नाही. ती त्याच्या गावच्या विक्रेत्याकडे जाते, तिथे मित्र बंदूक घेणाऱ्याने भरायचा सरकारी फॉर्म 4473 भरतो, त्याची पार्श्वभूमी तपासली जाते आणि मगच ती त्याच्या हातात पडते. या कडकपणामागे इतिहास आहे. केनेडींची हत्या ज्या रायफलीने झाली ती 1963 मध्ये खोट्या नावाने टपालाने मागवलेली होती. किंमत 19 डॉलर 95 सेंट, टपालखर्च वेगळा. 1968 च्या कायद्याने ही घरपोच बंदुकांची पद्धत बंद केली.

आता खर्चाचं. "विक्रेत्याला कशाला पैसे द्यायचे, मीच कुरिअर करतो," असं बरेच जण म्हणतात. पण मोठ्या खासगी कुरिअर कंपन्या आता करार केलेल्या परवानाधारकांखेरीज कुणाचीच शस्त्रं घेत नाहीत. पिस्तुलासाठी जवळच्या विक्रेत्याकडे जाणं हाच सरळ मार्ग. तो आपल्या परवान्यावर ते समोरच्या विक्रेत्याला पाठवतो. उतरवून घेणारा विक्रेता साधारण 25 ते 50 डॉलर घेतो. दोन्हीकडे आधी फोन करून दर विचारावा, कारण एकाच शहरातल्या दोन दुकानांत बराच फरक असतो. समोरच्याचा परवाना खरा आहे की नाही, हे शस्त्रपरवाने देणाऱ्या केंद्रीय खात्याच्या (एटीएफ) संकेतस्थळावर फुकट पडताळता येतं. ते न पाहता पैसे भरू नयेत.

आणि बंदूक आपलीच असेल, फक्त घर बदलत असेल, तर पार्सलच कशाला? गाडीत सोबत न्या. गोळ्या काढलेली, कुलूपबंद, डिकीत, हाताला लागणार नाही अशी. विमानाने जायचं असेल तर कडक पेटीत कुलूप लावून काउंटरवर तसं सांगावं आणि चेक-इनच्या सामानात द्यावी. बहुतेक विमान कंपन्या तिला साधी बॅग धरतात. मात्र जिथे जाणार तिथले नियम आधी वाचावेत. न्यूयॉर्कमध्ये परवान्याविना पिस्तूल जवळ बाळगणं गुन्हा आहे, मग ते ओहायोत कितीही कायदेशीर घेतलेलं असो.

पॅकिंगबद्दल मात्र मला राहवत नाही. एकदा आमच्याकडे एक शॉटगन आली, तिच्या नळीचं टोक पुठ्ठा फाडून बोटभर बाहेर आलेलं. पाठवणाऱ्याने जुन्या चादरीत गुंडाळून खोक्यात सरकवली होती. वाटेत कुणाच्याही लक्षात आलं असतं आत काय आहे, आणि चोराला तेवढंच पुरतं. आधी मॅगझिन (गोळ्यांचा कप्पा) काढा, बोल्ट (गोळी नळीत ढकलणारा सरकता भाग) मागे ओढून आत बोट घालून बघा, मग पुन्हा एकदा बघा. रायफलीचा बोल्ट काढून वेगळा गुंडाळा. नळीच्या तोंडाला जाड फोम, मग कडक पेटी, मग बाहेरून साधं खोकं. खोक्यावर बंदूक असल्याची कसलीही खूण, दुकानाचं चित्रसुद्धा नको. गोळ्या त्यात कधीही नकोत, पोस्टाने त्या चालतच नाहीत. आत पाठवणाऱ्याच्या ओळखपत्राची प्रत ठेवा, नाहीतर पार्सल कुणाचं हे शोधण्यात आमचे दिवस जातात. बंदुकीवर कोरलेल्या क्रमांकाचा फोटो काढून ठेवा. पोस्टाच्या प्रायॉरिटी सेवेत विमा 100 डॉलरचाच असतो, जास्तीचा घ्या, आणि सही घेतल्याशिवाय पार्सल देऊ नये ही सेवाही घ्या.

शेवटचं, तरुण वाचकांसाठी. एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असाल तर बंदूक जवळ बाळगण्यालाच बंदी आहे. शिकारीचा वैध परवाना असल्यासारखे थोडेच अपवाद आहेत. मित्राची बंदूक "जरा पाठवून दे" म्हणून हातात घेण्याआधी हे तपासा. आपल्या परदेशस्थ वाचकांच्या पानावर हे पत्र उन्हाळ्याआधी छापलंत तर उपकार होतील.

आपला,
एक वाचक, ओहायो