विद्युत प्रभाराचे प्रयोग पावसाळ्यात नकोत

संपादक महोदय,

केंद्रीय मंडळाच्या बारावीच्या भौतिकशास्त्रात विद्युत प्रभार हे पहिलेच प्रकरण. शाळा जूनमध्ये सुरू होत असेल, तर त्याचे प्रयोग ऐन पावसाळ्यात येतात आणि हमखास फसतात. दमट हवेत काचेवर, लाकडावर, सुती दोऱ्यावर पाण्याचा न दिसणारा थर बसतो आणि त्यातून प्रभार पाहता पाहता निसटतो. काचकांडी रेशमावर कितीही घासली तरी कागदाचे कपटे हलत नाहीत. मग मुलांच्या हाती उरते ते पाठांतर. धडा हवा तेव्हा शिकवावा, प्रयोग मात्र डिसेंबर-जानेवारीत दुपारी घ्यावेत. कोकण-गोव्यात तेव्हाही हवा दमटच असते. तिथे साहित्य तासभर उन्हात तापवून लगेच वापरावे.

घासून प्रभारित करायला सोप्या अशा प्लास्टिकच्या स्ट्रॉवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे आणि कागदी स्ट्रॉ इथे कुचकामी. त्याऐवजी वायरिंगच्या पीव्हीसी पाइपचे फूटभराचे दोन तुकडे घ्यावेत. कोरड्या लोकरीने घासल्यावर त्यांच्यावर ऋण प्रभार येतो. एक तुकडा नायलॉनच्या दोऱ्याने आडवा टांगून दुसऱ्याचे घासलेले टोक जवळ नेले, की टांगलेला दूर सरतो. या प्रतिकर्षणावर भर द्यावा. कपटे ओढले गेले म्हणून ते प्रभारित ठरत नाहीत. उदासीन वस्तूही ओढली जाते, कारण तिच्या जवळच्या बाजूला विरुद्ध प्रभार गोळा होतो. दोन्ही वस्तू प्रभारित असल्याची खात्री प्रतिकर्षणच देते.

प्रभाराची अक्षय्यता, म्हणजे एकूण प्रभार नवा निर्माण होत नाही की नष्ट होत नाही हा नियम, तर बहुतेक वर्गांत फक्त फळ्यावरच राहतो. शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने १८४३ मध्ये वापरलेली पद्धत शाळेत सहज जमते. विद्युतदर्शीच्या (प्रभार आला की धातूची दोन पातळ पाने फाकतात अशा उपकरणाच्या) चकतीवर पत्र्याचा उघडा डबा ठेवा. पाइपच्या टोकावर लोकरीची टोपी चढवा, टोपीला नायलॉनचा दोरा बांधा. पाइप टोपीतच फिरवून घासा आणि टोपीसकट डब्यात उतरवा, कडेला न टेकवता. पाने मिटलेलीच राहतात. आता दोरा ओढून टोपी बाहेर काढा: पाने फाकतात. पाइप काढून नुसती टोपी आत सोडा: पाने जवळपास तेवढीच फाकतात. म्हणजे घासण्याने प्रभार निर्माण झाला नाही. लोकरीतून गेलेले इलेक्ट्रॉन पाइपवर आले. टोपीला हात लागला तर तिचा धन प्रभार नाहीसा होतो आणि दुसरा भाग बिघडतो. विद्युतदर्शीच्या बाटलीला लाकडी बूच असेल तर तेही ओल धरते. तार मेणात किंवा पॉलिथिनमध्ये बसवावी.

उदाहरणांतल्या आकड्यांबद्दलही विनंती आहे. एकेक कूलोमचे (कूलोम हे प्रभाराचे एकक) दोन प्रभार एक मीटरवर ठेवले, तर त्यांच्यातले बल सुमारे ९०० कोटी न्यूटन, म्हणजे नऊ लाख टनांच्या वजनाएवढे होते. अशा गणितांतून मुलांना प्रभाराचा अंदाज कसा यावा? गणिते नॅनोकूलोममध्ये, म्हणजे कूलोमच्या अब्जाव्या भागात, द्यावीत. त्या एका नॅनोकूलोमसाठीही सुमारे ६२४ कोटी इलेक्ट्रॉन इकडचे तिकडे जावे लागतात. एकेका इलेक्ट्रॉनच्या पटीतच बदलणारा प्रभार प्रयोगात अखंड का भासतो, हे या एका आकड्यावरून समजावता येते.

– एक भौतिकशास्त्र शिक्षिका, सातारा