ग्रीन्सबरोला निघण्यापूर्वी

सातारा

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या ग्रीन्सबरो इथल्या नॉर्थ कॅरोलायना ए अँड टी (शेतकी व तांत्रिक) विद्यापीठात तुझा एम. एस.चा प्रवेश पक्का झाला, तेव्हापासून घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, ‘ते कृष्णवर्णीयांचे कॉलेज ना?’ होय, तेच; आणि ते तसे का उभे राहिले हे समजून घेतल्याशिवाय तू विमानात बसू नयेस, अशी माझी इच्छा आहे.

१८९० च्या मॉरिल कायद्याने राज्यांना अट घातली होती की, शेतकी व यांत्रिकी शिक्षणासाठी संघ सरकारचा पैसा हवा असेल, तर कृष्णवर्णीयांना आपल्या कॉलेजात घ्या, नाहीतर त्यांच्यासाठी वेगळे कॉलेज काढा. नॉर्थ कॅरोलायना राज्याने वेगळे काढले, ते १८९१ साली. पुढे निधी देताना मात्र हात आखडता घेतला. अलीकडच्या सुमारे तीन दशकांतील ही तूट दोन अब्ज डॉलरांहून अधिक असल्याचे २०२३ मध्ये संघ सरकारनेच राज्याला लेखी कळवले. आणखी एक गोष्ट तुला सांगायलाच हवी: १९०१ पासून १९२८ पर्यंत तिथे मुलींना प्रवेश बंद होता.

१ फेब्रुवारी १९६० रोजी याच कॉलेजातले पहिल्या वर्षाचे चार विद्यार्थी, एझेल ब्लेअर, डेव्हिड रिचमंड, फ्रँकलिन मॅकेन आणि जोसेफ मॅकनील, गावातल्या वूलवर्थ दुकानात गेले. त्यांनी टूथपेस्टसारख्या किरकोळ वस्तू घेतल्या, पावत्या जपून ठेवल्या आणि मग फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या उपाहाराच्या काउंटरवर बसून कॉफी मागितली. एका काउंटरवर आमचे पैसे चालतात, तर दुसऱ्यावर का चालत नाहीत, एवढाच त्यांचा सवाल होता. कॉफी मिळाली नाही; दुकान बंद होईपर्यंत ती मुले जागची हलली नाहीत. दुसऱ्या दिवशी आणखी विद्यार्थी आले, लोण दक्षिणेतल्या गावोगावी पसरले आणि जुलैमध्ये त्या काउंटरवर सर्वांना वाढू लागले. अठरा वर्षांच्या आसपासची ती पोरे होती, मुक्ता.

आज तिथे ४९२ एकरांचे शेत आहे, परिचारिका शिक्षणापासून संगणकशास्त्रापर्यंत अभ्यासक्रम आहेत आणि कृष्णवर्णीय अभियंते घडवण्यात ते देशात अग्रेसर आहे. चॅलेंजर यानाच्या अपघातात गेलेले अंतराळवीर रोनाल्ड मॅकनेर १९७१ साली तिथूनच भौतिकशास्त्राचे पदवीधर झाले. अभियांत्रिकीच्या इमारतीला त्यांचे नाव आहे. तुझी ये-जा तिथेच असेल.

वूलवर्थच्या त्या इमारतीत आता संग्रहालय आहे. पहिल्याच शनिवारी जाऊन ये आणि काय पाहिलेस ते मला सविस्तर लिही. नुसते फोटो पाठवू नकोस.

तुझे,
बाबा