ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी संस्थांनी माहिती एकत्र आणावी

महोदय,

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, अहिल्यानगर, जालना, परभणी या जिल्ह्यांतून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रातील आणि उत्तर कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात आणि त्यांच्यासोबत शाळेच्या पटावर नाव असलेली मुलेही निघतात. या मुलांसाठी अनेक स्वयंसेवी संस्था वर्षानुवर्षे तळमळीने राबत आहेत. त्यांच्या कामाविषयी पूर्ण आदर बाळगून मी एकच मागणी करीत आहे. या संस्थांनी आपापल्या जवळची माहिती व अनुभव एकमेकांसमोर खुले करावेत आणि शिक्षण विभागाकडे एकत्र जावे.

गावाकडे काम करणाऱ्या संस्थेला कोणत्या वाडीतून किती कोयते (ऊस तोडणारी जोडपी) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेऊन गेले आणि किती मुले आजी-आजोबांजवळ राहिली, हे ठाऊक असते. कारखाना परिसरातील संस्थेला तळावरचे, म्हणजे मजुरांच्या मुक्कामाच्या जागेचे, चित्र ठाऊक असते. तिथे नऊ-दहा वर्षांची मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळत दिवसभर कोपीत (झोपडीत) असते आणि आई फडावरून परतली की वाढ्यांच्या (उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या) मोळ्या बांधू लागते. जवळच्या शाळेने तिला प्रवेश नाकारलेला नसतो, पण तान्ह्या भावंडाला ठेवायचे कुठे, या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नसते. गावच्या हजेरीपटावर या मुलीपुढे ‘स्थलांतरित’ एवढाच शेरा असतो आणि तळावरच्या वहीत तिचे मूळ गाव व इयत्ता असेलच असे नाही. या दोन नोंदी शेजारी ठेवल्या, तरच तिची गरज शाळाप्रवेशाआधी पाळणाघराची आहे, हे धोरण आखणाऱ्यांच्या लक्षात येईल.

कायदा या मुलांच्या बाजूने आहे. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळवून देणे हे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य ठरवले आहे आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. राज्यात स्थलांतरित मुलाला दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावे म्हणून दिले जाणारे शिक्षण हमी कार्ड आहे, गावातच मुलांची सोय करणारी हंगामी वसतिगृहे आहेत. मात्र वसतिगृहाला मंजुरी येईपर्यंत टोळ्या निघून गेलेल्या असतात, ही तक्रार दरवर्षी ऐकू येते. एकट्या संस्थेने ती मांडली की ‘तुमच्या तालुक्यापुरती अडचण’ म्हणून ती बाजूला पडते. दहा तालुक्यांतल्या संस्थांनी मंजुरीच्या आणि मुले गाव सोडून गेल्याच्या तारखा एका तक्त्यात मांडल्या, तर तसे म्हणणे कठीण होईल.

असे एकत्र काम आपल्याकडे पूर्वी झालेले आहे. मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यात 1972 साली किशोर भारती आणि रसूलियाचे फ्रेंड्स रूरल सेंटर या दोन संस्थांनी 16 उच्च प्राथमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनीही त्याला हातभार लावला. मासिक बैठकांत शिक्षक वर्गातल्या अडचणी मांडत आणि त्यांच्या अनुभवातून पाठ्यपुस्तक पुन्हापुन्हा सुधारले जाई. 1978 साली तो जिल्हाभर पसरला. 2002 साली सरकारने तो बंद केला, याची हळहळ आजही वाटते. तरीही वेगवेगळ्या संस्थांची माणसे एका टेबलाशी बसून सरकारी शाळेचा अभ्यासक्रम बदलू शकतात, हे त्याने तीस वर्षे दाखवले.

आज संस्था एकमेकींपासून दूर का राहतात, हेही स्पष्ट बोलायला हवे. एकाच देणगीदाराच्या निधीसाठी अनेक जणी अर्ज करतात, त्यामुळे यश ठळकपणे लिहिले जाते आणि फसलेले प्रयोग कपाटात राहतात. अहवाल बहुधा इंग्रजीत असतात, म्हणजे ज्या केंद्रप्रमुखाने (परिसरातील शाळांच्या गटावर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याने) ते वाचायला हवेत त्याच्यापर्यंत ते पोहोचत नाहीत. एखाद्या तळावरचा अभ्यासवर्ग दोन महिन्यांत का बंद पडला, हे लिहून ठेवले असते, तर दुसऱ्या संस्थेने तीच वाट पुन्हा धरली नसती. देणगीदारांनीही अशा नोंदींना निधी देताना उणे गुण देऊ नयेत.

माझी सूचना साधी आहे. गावाकडच्या आणि कारखान्याकडच्या संस्थांनी नोंदींसाठी एकच मराठी नमुना ठरवावा. त्यात मुलाची इयत्ता, गाव सोडल्याची व परतल्याची तारीख, मधल्या काळात तो कोणत्या शाळेत बसला आणि बसला नसेल तर का, एवढे रकाने पुरेत. मुलांची नावे व आधार क्रमांक कुठेही प्रसिद्ध होऊ नयेत. गावनिहाय बेरजा मात्र सर्वांना पाहता याव्यात. टोळ्या परतल्यानंतर मे महिन्यात जिल्हा पातळीवर संस्था, शाळा व्यवस्थापन समित्या, केंद्रप्रमुख आणि मजुरांच्या टोळ्या जमवणारे काही मुकादमही यांची बैठक व्हावी, आणि तिचे निष्कर्ष जूनमध्येच शिक्षणाधिकाऱ्यांकडे जावेत, म्हणजे वसतिगृहांची मंजुरी दसऱ्याआधी मिळवण्यासाठी तीन महिने हाती राहतील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त केंद्रप्रमुख, बीड जिल्हा