भात बंद करा म्हणण्याआधी रश्शात काय आहे ते विचारा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या आरोग्य पानावरचा भात-रश्शाचा लेख वाचला आणि रात्रभर डोक्यातून जाईना, म्हणून सकाळी डबे करायच्या आधी लिहायला बसलेय. सगळंच चूक आहे असं नाही. देशात 10 कोटींच्या वर लोकांना डायबेटिस आहे आणि पॉलिश केलेला पांढरा भात ताटभर खाल्ला की शुगर चढते, हे आम्ही घरच्या ग्लुकोमीटरवर रोज बघतो. पण ‘रस्सा-भात बंद करा’ असं एका ओळीत लिहून मोकळं झालात ना, त्याने काय होतं ते मी माझ्या घरात बघितलंय.

माझे वडील वेंगुर्ल्याकडचे, डायबेटिसमुळे इन्सुलिनवर. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दोन्ही वेळेला भात आणि निस्तं म्हणजे माशाचं कालवण, हेच जेवण जन्मभर. तीन वर्षांपूर्वी न्युमोनिया झाला म्हणून इथल्या एका हॉस्पिटलमध्ये होते, डिस्चार्जच्या वेळी हातात छापील डाएट चार्ट दिला, भात-पेज फुली मारलेली, त्याजागी ओट्स आणि दोन फुलके. शेजारच्या खाटेवरच्या गुजराती काकींना पण तोच कागद! तुम्ही घरी काय खाता, किती खाता, दात आहेत का, एवढंसुद्धा कोणी विचारलं नाही. बाबांची कवळी, फुलका चावता येईना, अर्धा खाऊन ताट सरकवायचे. "भात खाल्लंय नाय तर जेवल्यासारखा वाटनाच नाय" म्हणायचे आणि आम्ही त्यांनाच ओरडायचो कारण चार्टवर लिहिलं होतं. इन्सुलिनचा डोस मात्र तेवढाच चालू. नवव्या दिवशी रात्री अंग घामाने भिजलं, असंबद्ध बोलायला लागले, शुगर बघितली तर 48, म्हणजे धोकादायक इतकी कमी. गिळता येत होतं म्हणून साखरेचं पाणी देता आलं. ती रात्र मी विसरू शकत नाही.

नंतर ज्या डॉक्टरांकडे गेलो त्यांनी आधी डोस बदलला आणि मग पहिला प्रश्न विचारला, भात कुठला? उकडा म्हटल्यावर म्हणाले, मग बंद कशाला, मोजून घ्या. तेव्हापासून आम्ही वजनकाट्यावर शिजलेला भात 100 ग्रॅम घेतो, त्यात साधारण 28 ग्रॅम कर्बोदकं असतात. आधी पालेभाजी, मग तारली नाहीतर बांगड्याच्या दोन तुकड्या आणि रस्सा. माशाचं प्रोटीन आणि फॅट पोटात असलं की भाताची साखर रक्तात हळू उतरते, नुसत्या भातासारखी भसकन चढत नाही. दोन तासांनी चेक करतो, आकडा आटोक्यात असतो. तारली-बांगड्यात ओमेगा-3 आहे ते वेगळंच. तांदूळ सालासकट भिजवून उकडला की कोंड्यातलं बी-1 जीवनसत्त्व बरंचसं दाण्यात उतरतं, म्हणून उकडा तांदूळ पॉलिश केल्यावरही सत्त्व टिकून राहतं. या बी-1 चा शोध जावामध्ये आयकमन नावाच्या डच डॉक्टरांच्या कोंबड्यांपासून सुरू झाला, पॉलिश केलेला तांदूळ खाऊन त्या कोंबड्यांचे पाय लुळे पडायचे आणि कोंडा दिला की बऱ्या व्हायच्या, त्या कामाला 1929 मध्ये नोबेल मिळालं. मग लेखात ‘भात’ म्हणजे कुठला भात ते एकदा तरी यायला नको का? वरण-भाताबद्दल पण एक शब्द नाही. प्रोटीनच्या घटकांपैकी भातात लायसिन कमी ते डाळीत भरपूर, डाळीत मेथिओनिन कमी ते भातातून मिळतं, शाकाहारी माणसाला एवढं स्वस्त प्रोटीन दुसरं कुठे मिळणार?

आणि तुमचा फोटो! मजकूर आमच्या जेवणाबद्दल आणि फोटोत बासमतीवर काजू-क्रीमची लाल ग्रेव्ही, वर तेलाचा तवंग. ती ग्रेव्ही बटर रोटीबरोबर खाल्ली तर ती काय हलकी होते? आमच्या रश्शात ओलं खोबरं, धणे, मिरची, हळद, कोकम आणि बांगडा असेल तर तिरफळ. खोबऱ्यात सॅच्युरेटेड फॅट असतं हे मान्य, म्हणून आता मी खोबरं निम्मं घालते. खरं लिहायला हवं होतं मिठाबद्दल. दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते आणि आपल्याकडे रस्सा, वर सुकं, वर पापड-लोणचं, बाबांचं बीपी त्यानेच वाढलं होतं. लेखात मीठ हा शब्दच नाही.

कृपया असा लेख छापताना ‘औषधं किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण बदलू नका’ ही एक ओळ तरी ठळक अक्षरात टाका. कालचं कात्रण आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर फिरतंय आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींनी आजपासून भात सोडलाय, त्या पण इन्सुलिनवर आहेत. हे संपलं की खाली त्यांच्याकडेच जातेय.

अजून एक. गेले दोन रविवार शब्दकोड्याची उत्तरं छापलेली नाहीत. बाबा सोमवारी सकाळी चष्मा लावून तीच शोधतात.

आपली,
एक वाचक, डोंबिवली पूर्व