कोठार तटाच्या आत होतं

माननीय मिशेल द लोपिताल,
चान्सलर, फ्रान्स यांस

स. न. वि. वि.

मी शाळेत इतिहास शिकवते. फ्रान्समधली कॅथलिक-प्रोटेस्टंट यादवी, १५६२ ते १५९८, आठ युद्धं, एवढं फळ्यावर लिहिलं की धडा संपतो. तुमच्या नावापाशी मात्र मी दरवेळी थांबते.

१५६० च्या डिसेंबरात ओर्लिआंच्या सभेत तुम्ही म्हणालात, ल्यूथरवाले, ह्यूगनो, पोपवाले ही सैतानी नावं टाकून देऊ, ख्रिस्ती हे नाव राहू द्या. जानेवारी १५६२ मध्ये त्याच्याही पुढे गेलात. ख्रिस्ती नसलेलाही नागरिक असू शकतो, धर्माने बहिष्कृत केलेल्याचंही नागरिकत्व जात नाही, असं सांगितलंत. राजाचा चान्सलर हे बोलत होता! त्या काळात हे उच्चारायला छाती लागते.

पण त्याच महिन्यातल्या राजाज्ञेबद्दल माझी तक्रार आहे. ह्यूगनोंना, म्हणजे फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांना, उघड प्रार्थनेची मुभा मिळाली ती शहराच्या तटाबाहेर, दिवसा, शस्त्राविना. आमच्याकडे 'गावकुसाबाहेर' असा शब्द आहे. ज्यांच्याकडून गावाने सगळी कामं करून घेतली आणि ज्यांना गावात राहू दिलं नाही, त्यांच्या वस्तीचा तो पत्ता. म्हणून ती अट माझ्या घशाखाली उतरत नाही. पॅरिसचं पार्लमां, म्हणजे राजाज्ञा नोंदवणारं वरिष्ठ न्यायालय, तेवढंही नोंदवून घ्यायला तयार नव्हतं, हे मला ठाऊक आहे. तरीही.

१ मार्च १५६२, रविवार. शॅम्पेनमधल्या व्हासी गावात एका कोठारात शेकडो ह्यूगनो प्रार्थनेला जमले होते. कॅथलिकांचे पुढारी, गीझचे ड्यूक फ्रान्स्वा, लवाजम्यासह तिथे आले. आधी बाचाबाची, मग दगड, मग तलवारी. जीव वाचवायला छपरावर चढलेल्यांना खालून बंदुकांनी टिपलं. पन्नासेक माणसं गेली. कोठार तटाच्या आत होतं. तुमच्या राजाज्ञेच्या शब्दावर बोट ठेवलं, तर बेकायदा ठरत होती ती मेलेली माणसं.

दहा वर्षांनी, पॅरिसमध्ये सुरू झालेल्या ह्यूगनोंच्या सेंट बार्थोलोम्यूच्या कत्तलीत, पद सुटलेले तुम्ही विन्येच्या घरी होतात. जमाव येतोय असं नोकरांनी सांगितलं, तेव्हा लहान दार पुरत नसेल तर मोठं उघडा, म्हणालात. तुमची मुलगी तेव्हा पॅरिसमध्ये होती. तिला वाचवलं आना देस्तेने, व्हासीच्या त्याच ड्यूकच्या विधवेने. ही बातमी तुमच्यापर्यंत पोहोचली, तेव्हा तुम्ही काय म्हणालात, हे मला तुम्हाला विचारायचं आहे.

आपली,
इतिहासाची एक शिक्षिका